ठमाबायच्या पायाची पट्टी

भाजी घेताना बाकीचे लोक मेथीची जुडी निरखतात, मी आधी भाजीवालीचे पाय निरखते. सवय चांगली नाही, मान्य आहे. एकदा पनवेलच्या बाजारात एका अनोळखी बाईला मी सहज विचारलं, "मावशी, संध्याकाळी डावा पाय जड होतो ना? घोट्याजवळ खाज येते?" तिने माझ्याकडे टक लावून पाहिलं, हात जोडले आणि कोथिंबिरीची जुडी फुकट माझ्या पिशवीत टाकली. माझ्या अंगात काहीतरी येतं, असा तिचा समज झाला होता. आमचे हे तेव्हापासून माझ्याबरोबर बाजारात यायला कां कूं करतात.

मी सर्जन आहे. आता फक्त सकाळी दवाखान्यात बसते आणि संध्याकाळी बसत नाही हे सगळ्यांना ओरडून सांगते, तरी संध्याकाळी कोणीतरी दार वाजवतंच. तरुणपणी अपेंडिक्स, हर्निया, मूळव्याध, समोर येईल ते केलं. पण गेली बरीच वर्षं माझं मुख्य काम एकच, पायांवरच्या फुगलेल्या शिरा इंजेक्शनने बंद करणं. माझ्याबरोबरचे डॉक्टर चिडवायचे, "पोट उघडणारी बाई आता सुया टोचत बसली!" मी त्यांना सांगते, तुमचा पोटाचा पेशंट रस्त्यात भेटला तर शर्ट वर करून टाके दाखवतो का? माझा पेशंट भर चौकात पाय पुढे करून "बघा मॅडम, कसा झाला!" म्हणतो. हे सुख दुसऱ्या कुठल्या ऑपरेशनात नाही.

ज्यांना या प्रकरणाची काही कल्पना नाही त्यांच्यासाठी थोडक्यात सांगते. हृदय रक्त खाली पाठवतं ते सोपं काम. खरी कसरत आहे ती पायातलं रक्त परत वर न्यायची. त्यासाठी शिरांमध्ये जागोजागी झडपा असतात. रक्त वर गेलं की झडप मिटते, म्हणजे ते पुन्हा खाली येत नाही. आमच्या भागातल्या लोकांना हे समजावणं सोपं जातं, कारण खाडीकाठच्या खारजमिनीच्या बांधाला अशीच उघाडी असते. ओहोटीला ती आतलं पाणी बाहेर सोडते आणि भरती आली की तिची फळी आपोआप मिटते. फळी कुजली की भरतीचं पाणी शेतात शिरतं, साचतं आणि जमीन खारी होऊन जाते. पायाचंही तसंच होतं. झडपा सैल पडल्या की रक्त खाली तुंबतं, शिरा दोरखंडासारख्या फुगतात, घोट्याजवळची कातडी आधी काळी पडते, मग कडक होते आणि एक दिवस साध्या खरचटण्याने फुटते. ती जखम वर्षानुवर्षं भरत नाही. वरून कितीही मलमं लावा, दुखणं वर कुठेतरी उघडीच राहिलेल्या फळीत असतं.

पूर्वी आम्ही कमरेखाली भूल देऊन जांघेपासून शीर ओढून काढायचो. मीही पुष्कळ काढल्या. आता सोनोग्राफीच्या पडद्यावर बघत बघत बारीक सुई शिरेत घालायची आणि औषधाचा फेस सोडायचा. हा फेस आम्ही तिथल्या तिथे करतो. दोन सिरिंजा एका तोटीने जोडायच्या, एकीत औषध, दुसरीत हवा, आणि इकडून तिकडे भराभर ढकलायचं. ताकावर येतो तसा पांढरा, दाट फेस होतो. तो शिरेतलं रक्त बाजूला सारतो, शीर आकसते, तिच्या भिंती एकमेकींना चिकटतात आणि पुढे शरीरच तिला हळूहळू जिरवून टाकतं. मग पायाला घट्ट पट्टी बांधायची आणि पेशंटला चालायला पाठवायचं. एवढंच. यावर प्रत्येक माणूस एकच प्रश्न विचारतो, "मग रक्त जाणार कुठून?" अहो, खोलवर चांगल्या शिरा आहेत ना! बिघडलेली शीर रक्त नेतच नव्हती, उलट खाली ढकलत होती. पण त्या खोलवरच्या शिरा धड आहेत की नाही, हे सोनोग्राफीवर आधी बघावंच लागतं. तिथे घाई केली तर माणूस जिवाला मुकू शकतो.

अशीच घाई करणारे एक गृहस्थ आले होते. पूर्वी भातशेती, आता बिल्डर. गळ्यात सोन्याची साखळी अशी की मानेचं ऑपरेशन आधी करावं असं वाटावं. एक पाय दोन दिवसांत सुजला होता आणि त्यांना गोव्याला जायचं होतं. "मॅडम, सुई मारून टाका, खाली गाडी चालू ठेवलीय." मी सोनोग्राफीचं यंत्र त्यांच्या मांडीवर ठेवलं आणि माझा हात तिथेच थांबला. खोलवरच्या शिरेत गुठळी होती. ती सुटून छातीत गेली तर संपलं. मी सांगितलं, सुई नाही, गोवा नाही, आत्ताच्या आत्ता मोठ्या हॉस्पिटलात भरती व्हा. ते हसले. "आपन नंतर बघू." मग मी जी ओरडले, ती खाली गाडीत बसलेल्या ड्रायव्हरला ऐकू गेली आणि तोच धावत वर आला. शेवटी ड्रायव्हरनेच त्यांना नेलं. बरे झाल्यावर पेढे घेऊन आले आणि म्हणाले, "मॅडम, तुमी वरडल्या नसत्या तं पळस्पे फाट्याला गोव्याच्या रस्त्याला लागलो व्हतो नं तितंच गेलो व्हतो मी." मला रागीट डॉक्टर म्हणतात. म्हणू देत. त्या दिवशी माझा राग कामाला आला.

दुसऱ्या टोकाला जांभळ्या बारीक शिरांचं जाळं घेऊन येणाऱ्या मुली. दुखत काही नाही, पण दिसतं. एका नव्या टॉवरमध्ये राहणारी मुलगी शुक्रवारी आली. शनिवारी लग्नाआधीचं फोटोशूट, तेही गुडघ्यापर्यंतच्या फ्रॉकमध्ये. मी म्हणाले, आज सुई मारली तर उद्या पाय मांजरीने बोचकारल्यासारखे दिसतील. शिरा जायला आठवडे लागतात, कधी दोनतीनदा यावं लागतं. ती रडवेली झाली. मी विचारलं, "तो मुलगा तुझे पाय बघून लग्न करतोय का?" तर म्हणाली, "नाही मॅडम, तो नाही, त्याची बहीण बघते." ती लग्नानंतर आली आणि बरी होऊन गेली.

आणि पळस्प्याजवळच्या एका हॉटेलातले डोसेवाले अण्णा. दिवसभर तव्यासमोर उभे. त्यांना फेसाचं इंजेक्शन दिलं, पट्टी बांधली आणि म्हटलं, आता अर्धा तास फिरून या. बाहेर त्यांच्या घरच्यांनी टेम्पोत गादी घालून आणली होती, उशाला लोड, पांघरायला चादर. "ऑपरेशन झालं आणि माणसाला चालवत पाठवताय?" अशी त्यांची बायको माझ्यावर धावून आली. मी सांगते, चालल्याशिवाय खोल शिरांतलं रक्त वाहतं राहणार नाही. ती म्हणते, माझा नवरा काही बैल नाही. शेवटी अण्णा पुढे चालले आणि मागून तो गादीचा टेम्पो हळूहळू चालला. पनवेलच्या वडाळे तळ्याभोवती फिरणाऱ्या लोकांनी ही वरात पाहिली असेल, त्यांना काय वाटलं असेल कोण जाणे.

आता ठमाबाय. लिहायला बसले ती खरं तर तिच्यासाठीच.

ठमाबाय खाडीकडच्या एका गावातली. सासर-माहेर दोन्हीकडे मिठागरं. उमेदीच्या काळात मिठाच्या पाण्यात उभं राहून तिने मीठ गोळा करायची फळी ओढली, मिठाच्या पाट्या डोक्यावर वाहिल्या. पण तिची खरी ओळख वेगळी होती. ती धवलारीण होती. आगरी लग्नात धवला म्हणणारी बाई म्हणजे धवलारीण. मांडव घालण्यापासून हळदीपर्यंत देवांना, पितरांना नाव घेऊन बोलवायचं, आणि ती गाईल तसतसे विधी पुढे सरकायचे. ही गाणी कुठे लिहिलेली नसतात, आईकडून, सासूकडून तोंडी आलेली असतात. पंचक्रोशीत तिच्याइतका धवला पाठ असलेली बाई उरली नव्हती. तिला घेऊन आली ती तिची नात प्रणाली. ती पनवेलला एका ऑफिसात काम करते आणि आजीला स्कूटरवर मागे बसवून आली होती.

उजव्या घोट्याच्या आतल्या बाजूला तळहाताएवढी जखम होती. भोवतालची कातडी शाईसारखी काळी. जखमेवर हळद, चुना, कसला तरी पाला, सगळं एकावर एक. आमची नंदा सिस्टर, मूळची आपटा गावची, माझ्याकडे लागली तेव्हापासून असले पाय धुते आहे. तीही क्षणभर थांबली.

"बाय, मना सुई नको," ठमाबाय म्हणाली. "मना पाय पायजे."

"पाय हवा तर सुई घ्यावी लागेल," मी म्हणाले.

"मंग दे. पन लवकर बरा कर. हिचा लगीन हाय."

प्रणालीने मला बाजूला घेऊन सगळं सांगितलं. तिचं लग्न ठरलं होतं, मुलगा उरणकडचा, आवडीचा. पण मुलाच्या आजीने, नामीबायने, निरोप धाडला होता. ज्या बाईच्या पायाला वाहती जखम आहे तिने आमच्या पोराच्या लग्नात धवला म्हणायचा नाही, शुभकार्याला तसला पाय मांडवात नको. ठमाबायने आख्ख्या पंचक्रोशीची लग्नं गाऊन लावली आणि स्वतःच्या नातीच्या हळदीला मागे बसायचं. "मॅडम, आजी काही बोलली नाही," प्रणाली म्हणाली. "पण त्या दिवसापासून घरात ती गुणगुणत पण नाही."

मी सोनोग्राफी केली. मांडीपासून खाली आख्खी शीर नादुरुस्त, पण खोलवरच्या शिरा उत्तम. पायाच्या पुढच्या धमनीचे ठोकेही चांगले लागत होते, म्हणजे घट्ट पट्टी बांधायला हरकत नव्हती. उघाडीचं उदाहरण दिलं तर ठमाबायने मान डोलावली, "फली मोरली." मी म्हणाले, हो, मोडली. फेस सोडला, जखम धुतली, थरावर थर पट्टी बांधली आणि बजावलं, ही पट्टी फक्त नंदा काढेल, दुसरं कोणी नाही.

पट्टीबद्दल दोन शब्द सांगायला हवेत, कारण लोकांना वाटतं सुई म्हणजेच उपचार. तसं नाही. पट्टीने पायावर जो दाब राहतो त्याने तुंबलेलं पाणी हटतं, शिरेच्या भिंती चिकटून राहतात, जखमेला श्वास मिळतो. सुई मिनिटांचं काम, पट्टी महिन्यांचं. आणि पट्टी कशी बांधायची ही नंदाची कला आहे. खाली घोट्याशी घट्ट, वर पोटरीकडे जराशी सैल, कुठे सुरकुती नाही. उलटं झालं तर फायदा सोडाच, पाय आणखी सुजतो.

ठमाबाय पुन्हा आली तेव्हा जखम लहान व्हायला हवी होती. झाली होती मोठी, आणि पोटरीवरची शीर परत फुगलेली. मला काही उमगेना. तेवढ्यात नंदाने हाक मारली, "मॅडम, हे बघा." पट्टीचा बाहेरचा थर पांढराशुभ्र होता आणि आतल्या थरावर ताजी हळद होती. तिच्यातच अक्षतेचा एक दाणा चिकटलेला.

"ठमाबाय, तुम्ही पट्टी काढली होती," मी म्हणाले.

"नाय गो बाय."

"मग हा तांदूळ काय चालत आत गेला?"

नंदाने तोंडावर हात ठेवला. ठमाबाय एकदम उसळली, "काढली! लग्नांना काढली. मी काय करू? माजा लुगरा हा असा."

मग माझ्या ध्यानात आलं. आगरी बायकांचं लुगडं गुडघ्याशी कसलेलं असतं, पोटऱ्या उघड्या. शहरातली बाई साडीखाली पट्टी झाकून आख्खं लग्न उरकेल, कोणाला कळणारही नाही. ठमाबायच्या पायावरची पट्टी मांडवातल्या शेवटच्या खुर्चीवरून दिसायची. जखमेकडे लोक एकवेळ काणाडोळा करत, हळद लावली की पिवळ्या पायात ती लपूनही जाई. पण पट्टी बांधून जाणं म्हणजे आपण आजारी आहोत असं सगळ्यांसमोर कबूल करण्यासारखं होतं. म्हणून ती मांडवात शिरण्याआधी पट्टी सोडायची, उभ्याने गायची आणि घरी येऊन स्वतःच्या हाताने परत गुंडाळायची, तीही वर घट्ट आणि खाली सैल.

"गोल साडी नेसा तेवढ्यापुरती," मी म्हणाले.

"गोल सारी नेसून धवला?" ती माझ्याकडे कीव केल्यासारखी बघत म्हणाली. "देव तरी वलखंल काय मना?"

मला राग आला आणि तिच्याबद्दल कौतुकही वाटलं. दोन्ही एकदम आलं की माझा आवाज चढतो. मी म्हणाले, "मग ऐका. असंच चाललं तर नातीच्या लग्नाला तुम्ही गाणार नाही आणि उभ्याही राहणार नाही. नामीबाय जिंकली. चालेल?"

तिने पोटरीवरची हळद पदराने पुसली. मग म्हणाली, "या सराईत एक बी मांडव घेत नाय. परनालीचा सोरून. बांद पट्टी."

आणि तिने शब्द पाळला. हे सोपं नव्हतं. आपल्याच गावात, शेजारच्या आळीत लग्नं होत होती आणि ही बाई पाय उशांवर ठेवून घरात पडून लाउडस्पीकर ऐकत होती. दुसऱ्या कोणीतरी बाईने धवला म्हणायचा प्रयत्न केला की हिचा जीव खालीवर. एकदा तर नातीच्या फोनवरून थेट मांडवात फोन लावला आणि ओरडली, "अगो, आदी गावदेवीला बोलव! पितरांना मंग!" हे प्रणाली मला हसत हसत सांगायची आणि सांगता सांगता तिचे डोळे भरायचे.

दुसऱ्यांदा फेस सोडला त्या दिवसाची मला फार आठवण येते. फेस केला की लगेच सोडावा लागतो, नाहीतर बसतो, त्यामुळे पेशंटने हलून चालत नाही. ठमाबायचा पाय थरथरत होता. मी म्हणाले, "काहीतरी म्हणा मनातल्या मनात." तर तिने डोळे मिटले आणि अगदी बारीक आवाजात धवला सुरू केला. एकेका देवाला नाव घेऊन मांडवात बोलवत होती आणि पाय दगडासारखा स्थिर झाला. पडद्यावर मला पांढरा फेस शिरेतून वर सरकताना दिसत होता. नंदा हातात पट्टी घेऊन तशीच उभी होती. एवढ्या वर्षांत माझ्या टेबलावर लोक रडले आहेत, घोरले आहेत, एकाने फोनवर प्लॉटचा सौदाही केला आहे, पण असं काम मी पुन्हा केलं नाही.

त्यानंतर जखम भरू लागली. काठांकडून नवी कातडी आत सरकू लागली, कांद्याच्या आतल्या पापुद्र्यासारखी पातळ. नंदा दर खेपेला पट्टी सोडायची आणि आम्ही तिघी त्या पायाकडे एखाद्या बाळाकडे बघावं तसं बघायचो. लग्न तोंडावर आलं आणि एका सकाळी पट्टी सोडली तर जखम बंद होती. काळा डाग होता, तो राहणारच होता. पण वाहणारं, फुटलेलं काही उरलं नव्हतं. मी ठमाबायला म्हणाले, "जिंकलात." आणि मला स्वतःचा इतका अभिमान वाटला की मी घरी जाताना आइस्क्रीम खाल्लं, मधुमेह असूनही.

पण पेच पुढेच होता. नवी कातडी कच्ची असते. हळदीला ही बाई तासन्‌तास उभी राहणार, पट्टीशिवाय राहिली तर ती परत फुटू शकते. पट्टी काढली तर बरी झालेली दिसेल पण बरी राहणार नाही. पट्टी ठेवली तर बरी राहील पण नामीबाय म्हणणार, जखम आहे. मी ठमाबायला हे स्पष्ट सांगितलं आणि म्हणाले, निर्णय तुमचा.

"पट्टी राहील," ती म्हणाली. "तू ये मांडवात. नं हिला बी आन." म्हणजे नंदाला.

हळदीच्या दिवशी संध्याकाळी आम्ही दोघी गेलो. मांडवात माणसांची जत्रा, डीजेच्या भिंती, केटरिंगची भांडी. ठमाबाय हिरव्या लुगड्यात, नाकात नथ, केसात अबोलीचा गजरा, आणि उजव्या पायाला घोट्यापासून गुडघ्यापर्यंत पांढरी पट्टी. लपवायचा जराही प्रयत्न नव्हता. प्रणाली पाटावर बसली होती. तेवढ्यात नवऱ्याकडची उष्टी हळद घेऊन बायका आल्या. त्यांच्या पुढे एक ठेंगणी, गोरीपान म्हातारी, हातात हळदीचं ताट, गोल साडी पार जमिनीपर्यंत. कोणी सांगायची गरज नव्हती, ही नामीबाय.

तिची नजर थेट पायावर गेली. "पट्टी हाय म्हंजे जखम हाय," ती मोठ्याने म्हणाली. "झाकली म्हनून जाते काय? मी निरोप दिल्ता ना?"

डीजे कोणीतरी बंद केला. प्रणालीने ओठ घट्ट मिटले आणि ती पाटावरून उठू लागली. "आजी गाणार नसेल तर मला हळद नको."

"बस गो!" ठमाबाय कडाडली. "नवरीने पाटावरशी उठाचा नस्ते." मग ती माझ्याकडे वळली. "डॉक्टरीन, सोर पट्टी. बगू दे सगल्यांना."

मला क्षणभर वाटलं, नको. मांडवात, धुळीत, पट्टी सोडणं माझ्या नियमात बसत नाही. पण नंदाने आधीच पर्स उघडली होती. तिच्या पर्समध्ये कंगवा नसेल, नवी पट्टी असतेच. एक प्लॅस्टिकची खुर्ची आणली. ठमाबाय बसली, नंदा खाली बसली आणि पाय स्वतःच्या मांडीवर घेतला. भरजरी साडी नेसून आली होती नंदा, तिने तिकडे बघितलंही नाही. थर सुटत गेले. बायका खुर्च्या ओढून पुढे आल्या, काही खुर्च्यांवर उभ्या राहिल्या. शेवटचा थर निघाला आणि काळ्या डागाच्या मधोमध ती कोवळी गुलाबी कातडी सगळ्यांनी पाहिली.

मी माझ्या दवाखान्यातल्या आवाजात सांगितलं, ही जखम शापाची नव्हती, लागणारी नव्हती. उभं राहून राहून पायात रक्त तुंबलं होतं. मिठागरात उभं राहून, लग्नात उभं राहून. ती आता भरली आहे, आणि पट्टी आहे ती भरलेली राहावी म्हणून.

नामीबाय खाली वाकली. अगदी जवळून, डोळे बारीक करून तिने डाग पाहिला. मग मला विचारलं, "सुई केवरी असते?"

मी बोटाने दाखवलं.

"दुकते?"

"मुंगी चावल्यासारखी."

"नं मंग ह्यो काला डाग, तो जातो काय?"

"थोडा फिका होतो. पूर्ण जात नाही."

"वास? वास येतो तो?"

"जखम भरली की वास जातो," मी म्हणाले. तिने मान हलवली आणि मागे सरकली. नंदाने नवी पट्टी बांधली, खाली घट्ट, वर सैल. ठमाबाय उठली, लुगडं सारखं केलं, नामीबायच्या हातातलं हळदीचं ताट स्वतःच्या हातात घेतलं आणि गाऊ लागली. गावदेवीला बोलावलं, पितरांना बोलावलं, नवऱ्याकडच्या देवांनाही बोलावलं. एवढ्या मोठ्या मांडवात माइक नव्हता तरी शेवटच्या खुर्चीपर्यंत आवाज जात होता. माझ्या शेजारी बसलेल्या बाईने विचारलं, "तुमी कोन त्यांच्या?" मी म्हणाले, "मी त्यांचा पाय केला." हे बोलताना मला जितका गर्व झाला तितका सर्जरीची परीक्षा पास झाले तेव्हाही झाला नव्हता.

मी कधी कधी विचार करते, मिठागरातल्या किती बायका असे पाय घेऊन जगल्या आणि तसेच घेऊन गेल्या. मी त्यांच्याच गावाशेजारी अपेंडिक्स कापत बसले होते. त्याचं वाईट वाटतं. पण एका पायाचं समाधान वाटतं, ते वाईट वाटण्यापेक्षा जास्त आहे.

लग्न होऊन गेल्यावर एका सकाळी ठमाबाय तपासणीला आली. बरोबर प्रणाली नव्हती. दोघी म्हाताऱ्या रिक्षाने आल्या होत्या. दुसरी नामीबाय, तीच जमिनीपर्यंतची गोल साडी. तिला तपासायच्या टेबलावर बसवलं तर ती साडीचा काठ दोन्ही मुठींत धरून बसली. सोडेना.

"पूर्वी मी बी लुगराच नेसाची," ती माझ्याकडे न बघता म्हणाली. "पाय सरला, वाहाला लागला, नं मंग लुगरा सोरला. घरात सुनांना बी ठावं नाय."

तिच्या साडीच्या आत, घोट्याशी, चिंध्यांच्या गाठोड्याचा फुगवटा दिसत होता. वासही येत होता. नंदाने खिडकी उघडली नाही, फक्त स्टूल ओढून जवळ बसली. मी म्हणाले, "नामीबाय, पट्टी बांधायला लागेल. ठमाबायला बांधली तशीच. महिनोन्‌महिने."

"नं लोकांनी बगितली तं?" नामीबाय म्हणाली. "लोक काय बोलतील?"

ठमाबाय भिंतीजवळच्या बाकावर बसली होती, पाय पुढे पसरून. तिने शांतपणे विचारलं, "मना कोन बोलला व्हता?"

नामीबायने साडीचा काठ आणखी घट्ट आवळला.

"तूच बोलली व्हतीस ना? मंग आता कोन बोलनार हाय?"

मग नामीबायच्या मुठी एकेक करून उघडल्या, तिने साडीचा काठ सोडला आणि नंदासमोर पाय पुढे केला.